नागपूरच्या उन्हाळ्यात नर्सरीतून झाडं आणताना: नवख्यांसाठी पायरीपायरीने

फेब्रुवारी संपता संपता नागपुरात कूलर बाहेर निघतात, टाक्या घासल्या जातात, ताट्या बदलल्या जातात. उन्हाळी झाडांची खरेदीही त्याच आठवड्यांत उरकायला हवी. नवखा माणूस मात्र एप्रिलच्या शेवटी, मोगऱ्याचा वास सुटला की नर्सरीत जातो, फुलांनी लगडलेलं रोप आणतो, गच्चीवर ठेवतो आणि आठवड्यात ते वाळलं की नर्सरीवाल्याला नावं ठेवतो. रोप बहुतेक वेळा चांगलंच असतं. ते हिरव्या नेटखाली, ओल्या जमिनीवर, आजूबाजूच्या रोपांच्या गर्दीत वाढलेलं असतं, आणि आपण त्याला एका दिवसात उघड्या स्लॅबवर नेऊन उभं करतो. या शहरात मे २०१३ मध्ये ४७.९ अंश नोंदले गेलेत. ४४-४५ तर दरवर्षीचंच.

खाली लिहिलंय ते घरच्या लोकांनी चालवलेल्या छोट्या नर्सऱ्यांबद्दल. शहरातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांच्या कडेला अशा बऱ्याच दिसतात: पुढे कुंड्यांच्या रांगा, मागे नेट, आणि त्याच आवारात राहणारं कुटुंब. माझी पसंती यांनाच, कारण इथे विकणारा माणूस स्वतः सकाळी पाणी घालतो. कोणतं रोप किती ऊन सोसतं हे त्याला पाटी वाचून सांगावं लागत नाही.

१. नर्सरीत जाण्याआधी स्वतःची जागा बघा

सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता गच्चीवर किंवा गॅलरीत जाऊन ऊन कुठे पडतं ते बघा आणि मोबाइलवर फोटो काढा. नर्सरीत हे फोटो दाखवले की अर्धं काम होतं. पूर्वेची गॅलरी नशीबवानांची. तिथे जवळपास सगळं जगतं. पश्चिमेकडची जागा मात्र दुपारनंतर भट्टी होते आणि गरम वाराही बहुधा तिकडूनच येतो. माझी गच्ची पश्चिमेची आहे, म्हणून या लेखात पश्चिमेचं रडगाणं जरा जास्त आहे.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवा. मे महिन्यात तुम्ही गावाला जाणार आहात का? जाणार असाल तर झाडं कमी घ्या, किंवा नर्सरीवाल्यांना विचारा. ओळखीच्या गिऱ्हाइकाच्या कुंड्या थोडे पैसे घेऊन सांभाळणारी कुटुंबं असतात, पण हे बोलणं मार्चमध्येच करून ठेवायचं.

२. कोणत्या महिन्यात काय घ्यायचं

फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य हा खरेदीचा काळ. मोगरा, बोगनवेल, अडेनियम, जास्वंद, कण्हेर, मधुमालती ही कायमची झाडं आत्ताच घ्या. मुळांना जम बसवायला महिना-दीड महिना मिळतो. झिनिया, गलांडा, गोम्फ्रेना, कोचिया, उन्हाळी झेंडू यांची छोटी रोपंही याच वेळी येतात.

याच दिवसांत एक सापळा असतो. पेटुनिया, पॅन्सी, डायंथस ही हिवाळी फुलं पूर्ण बहरात आणि अगदी स्वस्तात मिळतात. नर्सरीला जागा मोकळी करायची असते. पाडव्याच्या सजावटीसाठी हवी असतील तर खुशाल घ्या, उन्हाळाभर टिकतील या आशेने घेऊ नका.

एप्रिलमध्ये फक्त काटक मंडळी घ्यायची: ऑफिस टाइम (पोर्चुलाका), सदाफुली, अडेनियम, बोगनवेल. मे महिन्यात नर्सरीत जायचं ते नेट, खत आणि सल्ला आणायला. रोपं जूनपर्यंत तिथेच असू द्या, तुमच्यापेक्षा त्यांच्या नेटखाली ती सुखात असतात.

३. सकाळी जा, आणि हे विचारा

सात ते नऊ ही योग्य वेळ. पाणी घालणं चाललेलं असतं, पानं ताजी असतात आणि मालकांना बोलायला फुरसत असते. रविवारी संध्याकाळी गेलात तर मुलगा हिशेबात गुंतलेला आणि काकू कुंड्या मोजण्यात. तुमच्या प्रश्नाला 'होईल, होईल' एवढंच उत्तर मिळेल.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: "काका, हे रोप इथंच तयार केलं का, की बाहेरून आलं?" बाहेरून आलेलं म्हणजे वाईट असं नाही. आंध्रातल्या कडियमहून, पुण्याजवळच्या उरुळी कांचनहून देशभर रोपं जातात आणि ती दिसायलाही देखणी असतात. पण कडियमची हवा दमट, आपली मे महिन्यातली कोरडी. ट्रकमधून उतरून चारच दिवस झालेलं रोप उन्हाळ्यात घेऊ नये. दोन-तीन आठवडे इथं राहून त्याला नवी पालवी फुटली असेल तर हरकत नाही. घरची नर्सरी असेल तर खरं उत्तर मिळतं. आमच्या नेहमीच्या नर्सरीतल्या काकू तर स्वतःहूनच सांगतात, "ताई, हे कालच आलं जी, पंधरा दिवसांनी या, मग न्या."

दुसरा प्रश्न: "हे नेटखालचं आहे की उन्हातलं?" एकाच जातीची दोन रोपं, एक पुढे उन्हात ठेवलेलं आणि एक मागे नेटखाली, असं दिसलं तर उन्हातलं उचला, मग ते थोडं कमी हिरवं का असेना.

तिसरा प्रश्न मातीचा. पिशवीत चिकट लाल मातीचा घट्ट गोळा असेल तर तो कसा भिजवायचा ते विचारून घ्या. सातव्या पायरीत त्याबद्दल सांगते.

४. रोप पारखून घ्या

उंची बघू नका, फुटवे बघा. बुटकं आणि तीन-चार फांद्यांचं रोप उंच एकदांडी रोपापेक्षा उन्हाळ्याला चांगलं तोंड देतं. फुलापेक्षा कळ्या असलेलं घ्या. पान उलटं करा: पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला तर मिलीबग, बारीक जाळी आणि पानावर फिकट ठिपके असतील तर लाल कोळी; दोन्ही रस शोषणाऱ्या किडी. कोरड्या उष्ण हवेत लाल कोळी झपाट्याने वाढतो, म्हणून असलं रोप फुकट दिलं तरी घरी आणू नका. पिशवीच्या भोकांतून मुळं थोडी डोकावत असतील तर चालेल, पण तळाशी मुळांचं जाळं झालं असेल तर रोप फार दिवस अडकून पडलेलं आहे.

५. कोणतं झाड, कुठे

मोगऱ्यापासून सुरुवात करते, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात त्याच्याइतकं देणारं दुसरं झाड नाही. त्याला किमान पाच-सहा तास ऊन हवं. 'सावलीत ठेवा, वाचेल' हा प्रेमळ सल्ला ऐकलात तर पानं मिळतील, फुलं नाही. साधा एकेरी, बटमोगरा, हजारी असे प्रकार मिळतात. नवख्याने साधा किंवा बटमोगरा घ्यावा. एक बहर संपला की फांद्यांचे शेंडे दोन-तीन पेरांवर छाटा, कारण कळ्या नव्या फुटीवर येतात. छाटल्यावर मूठभर गांडूळखत आणि भरपूर पाणी दिलं की मार्च ते जून बहर येत राहतात. पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या तर ती बहुधा लोहाची कमतरता. आपली काळी माती चुनखडीची आणि बोअरचं पाणी जड, त्यामुळे मुळांना लोह मिळत नाही. नर्सरीत चिलेटेड आयर्न मागा, पाकिटावरच्या प्रमाणातच वापरा. जास्वंद आणि एक्झोरा यांचंही हेच दुखणं.

ऑफिस टाइम हे पसरट, रसाळ पानांचं झाड उन्हातच उमलतं आणि सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला फुलं उघडतात. पश्चिमेच्या कठड्यावर ठेवायला याहून निर्धास्त काही नाही. काडी मोडून मातीत खोचली तरी लागते, त्यामुळे एकाच कुंडीचे पैसे द्या.

बोगनवेल ताण दिला की फुलते. रोज लाडाने पाणी घालाल तर नुसती पानं वाढतील. पानं किंचित मलूल दिसली की मगच पाणी, एवढा कठोरपणा जमला तर एप्रिल-मेमध्ये गच्ची रंगून जाते.

अडेनियमला उष्णता आवडते, साचलेलं पाणी नाही. त्याची कुंडी पसरट हवी आणि मातीत निम्मी जाड वाळू किंवा विटांचा चुरा. त्याचा चीक विषारी असतो. कण्हेर आणि बिट्टीही विषारी. घरात रांगतं मूल किंवा पानं चघळणारं कुत्रं असेल तर ही तिन्ही टाळा. हे तुम्ही विचारल्याशिवाय नर्सरीत सांगतीलच असं नाही.

सदाफुली उन्हाला दाद देत नाही, मरते ती पाण्याने. कोचियाचे हिरवे गोळे रांगेत छान दिसतात, पण ते हंगामी आहेत. पावसाळ्यात उपटून टाकावे लागतात. तुळशीला मे महिन्यात दुपारनंतर सावली द्या आणि मंजिऱ्या खुडत राहा.

घरातल्या झाडांसाठी वेगळं काही करावं लागत नाही. मनी प्लांट, स्नेक प्लांट, अॅग्लोनेमा कूलरच्या खोलीत मजेत राहतात. फक्त कूलरच्या थेट झोतात कुंडी ठेवू नका.

भाज्यांमध्ये भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका यांचं बी फेब्रुवारी-मार्चमध्ये लावता येतं. रोपं घ्यायची गरज नाही, बियांची पाकिटं नर्सरीतच मिळतात. सांभार, म्हणजे कोथिंबीर, मात्र या उन्हात लगेच फुलावर येतो. हवाच असेल तर नेटखाली पसरट ट्रेमध्ये दाट पेरा आणि कोवळा असतानाच कापून घ्या. पुदिना त्याच्या शेजारी ठेवा, दोघांना सारखंच पाणी लागतं.

६. काय काय सामान लागेल

- कुंड्या: मातीच्या थंड राहतात पण लवकर सुकतात, पातळ काळं प्लास्टिक उन्हात तापतं आणि मुळं शिजतात. पांढऱ्या ग्रो बॅग हा मधला मार्ग. मोगऱ्याला किमान १२ इंची कुंडी हवी.
- माती: निव्वळ काळी माती कुंडीत भरू नका. ती सुकली की आकसते, कडेने फट पडते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली जातं. साधारण चार भाग लाल किंवा गाळाची माती, तीन भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू, वर मूठभर निंबोळी पेंड.
- कोकोपीट: विटेच्या रूपात मिळतं, भिजवल्यावर कितीतरी पट फुगतं. वापरण्याआधी एक-दोनदा पाण्याने धुवून पिळा, त्यात क्षार असतात.
- शेणखत: हातात घेऊन वास घ्या. शेणाचा वास येत असेल, हाताला गरम लागत असेल तर ते कच्चं आहे. कच्चं खत आणि मे महिना हे दोन्ही मिळून रोप जाळतात.
- हिरवी नेट: फुलझाडांना ५० टक्के सावलीची, पानांच्या झाडांना ७५ टक्क्यांची.
- खुरपी, झारी, कात्री, विटांचे तुकडे, निंबोळी तेल, आणि आच्छादनासाठी वाळलेली पानं किंवा उसाची चिपाडं.

कागदपत्रं म्हणाल तर फुलझाडांना साधं बिल पुरे. फळझाडांच्या कलमांसाठी मात्र बिलावर जात आणि खुंट (ज्या रोपावर कलम बांधलंय ते) लिहून घ्या. कलमं विकणाऱ्या रोपवाटिकेकडे कृषी विभागाचा परवाना असतो, तो बघायला मागण्यात संकोच करू नका.

७. घरी आणल्यावरचे पहिले पंधरा दिवस

आणतानाच काळजी घ्या. भर दुपारी स्कूटीवर उघडं रोप नेलं तर गरम वाऱ्याने घरी पोचेपर्यंत त्याची पानं करपतात. ओल्या पोत्यात गुंडाळा. बंद कारमध्ये ठेवून वाटेत धरमपेठेत आणखी खरेदीला थांबू नका.

पहिले तीन-चार दिवस कुंडीत लावायची घाई नको. आहे त्याच पिशवीत, जिन्याखाली किंवा गॅलरीच्या सावलीत ठेवा. मग संध्याकाळी लावा. चिकट लाल मातीचा गोळा असेल तर लावण्याआधी पिशवीसकट बादलीत बुडवा. बुडबुडे थांबले की काढा. हे केलं नाही तर बाहेरची माती ओली आणि आतला गोळा कोरडाठाक, अशी अवस्था होते. रोज पाणी घालूनही रोप तहानेने जातं. पिशवी ब्लेडने कापा, गोळा फोडू नका. उन्हाळ्यात मुळं मोकळी करण्याचा उद्योग करायचा नाही. आलेल्या कळ्या खुडून टाका, जिवावर येईल तरी.

त्यानंतर ऊन दाखवायचं. पहिल्या तीन दिवशी सकाळी नऊपर्यंत, पुढच्या तीन-चार दिवशी अकरापर्यंत, मग कायमच्या जागी. एप्रिल लागला असेल तर हेच दुप्पट दिवसांत करा.

८. पाणी

इथेच सगळ्यात जास्त झाडं जातात, आणि निम्मी जास्त पाण्याने.

सकाळी आठच्या आत, तळातून पाणी निघेपर्यंत घाला. दुपारी तीनला पानं लोंबली म्हणून धावत जाऊन पाणी घालू नका. कडक उन्हात बरीच झाडं तशी दिसतात आणि संध्याकाळी सावरतात. दुसऱ्या दिवशी सकाळीही पानं लोंबलेलीच असतील तर बोट दोन पेरं मातीत घालून बघा. कोरडी असेल तर तहान, ओली असेल तर मूळ कुजतंय. कोकोपीट जास्त असेल तर वरचा थर सुकलेला दिसतो आणि खाली चिखल असतो, म्हणून डोळ्यांवर विश्वास नको.

उन्हात पडलेल्या रबरी नळीतलं पहिलं पाणी अक्षरशः चटका देतं. ते आधी बाजूला सोडून द्या. गच्चीवरच्या टाकीचं पाणीही संध्याकाळी गरमच असतं. त्यामुळे संध्याकाळच्या फेरीसाठी सकाळीच दोन बादल्या भरून सावलीत ठेवायच्या.

कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडांना घालायची पद्धत घरोघरी आहे. पाणी वाया जाऊ नये हा हेतू चांगला, पण कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. टाकीच्या कडेला जमलेला पांढरा थर बघा, तोच कुंडीत जातो. आरओचं सोडलेलं पाणीही तसंच. दोन्ही अंगण धुवायला वापरा. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी मात्र खुशाल घाला.

मातीवर दोन इंच वाळलेल्या पानांचं आच्छादन टाका, कुंडी थेट स्लॅबवर न ठेवता विटांवर ठेवा, आणि कुंड्या एकमेकींना खेटून मांडा. कडेला मोठ्या, मध्ये छोट्या.

९. नेट बांधताना

नेट झाडांच्या डोक्यावर टेकता कामा नये. सात-आठ फूट उंच, म्हणजे खालून हवा खेळते. पश्चिमेच्या बाजूला उभा पडदा सोडा, पूर्व मोकळी ठेवा. नवखे लोक तारेने घट्ट आवळतात. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी अचानक वादळ येतं, कधी गारा पडतात, आणि नेट पाइपांसकट शेजारच्या छतावर जाते. कडेला पट्टी शिवून घ्या, कड्या ठोकून घ्या, सुतळीऐवजी नायलॉनची दोरी वापरा. नर्सरीतला मुलगा किंवा त्यांच्या ओळखीचा माणूस नेट बांधून देत असेल तर पैसे देऊन त्याच्याकडूनच करून घ्या. त्याला वाऱ्याची दिशा माहीत असते.

१०. नवतपा

सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की, म्हणजे २५ मेच्या सुमाराला, नऊ दिवसांचा नवतपा सुरू होतो. या दिवसांत काहीही नवीन करायचं नाही. छाटणी नाही, कुंडी बदलणं नाही, खत नाही. युरिया किंवा डीएपीचे दाणे तर मे महिना उजाडल्यापासूनच बंद. कीड दिसली तर निंबोळी तेल लिटरला पाच मिली, दोन थेंब साबणाच्या पाण्यात मिसळून, सूर्य मावळल्यावरच फवारा. उन्हात फवारलं तर पान भाजतं. लाल कोळ्याला पानाखालून नुसत्या पाण्याचा जोरदार फवाराही बऱ्यापैकी आवरतो. करपलेली पानं लगेच कापू नका, ती खालच्या पानांना थोडी सावली देतात.

११. पाऊस आला की

साधारण जूनच्या मध्यात पाऊस येतो. पहिल्या सरीनंतर नेट एकदम काढू नका, मध्ये उघडीप पडली की ऊन पुन्हा चटके देतं. दोन-तीन ढगाळ दिवस सलग मिळाले की काढा. कुंड्यांखालच्या बशा काढून ठेवा, नाहीतर पाणी साचून डास होतात. सदाफुली आणि अडेनियम छपराखाली सरकवा.

फळझाडं घ्यायची वेळ आता. संत्र्याचं किंवा लिंबाचं कलम हवं असेल तर नर्सरीत मेमध्येच सांगून ठेवा आणि पाऊस स्थिरावल्यावर, जुलैमध्ये, उचला. संत्र्याचा डोळा (फांदीवरचा अंकुर) बहुधा जंभेरी या आंबट लिंबाच्या खुंटावर भरलेला असतो. जोड मातीपासून वीतभर तरी वर हवा; खाली असेल तर पावसाळ्यात जोडाला माती लागून बुंधा सडतो. जोडाखालून फुटलेली फांदी दिसली तर ती जंभेरीची, खुडून टाका, नाहीतर काही वर्षांनी संत्र्याऐवजी आंबट जंभेरी हातात येईल. खात्रीची कलमं हवी असतील तर अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथे रोगमुक्त कलमं तयार होतात. मागणी खूप असते, त्यामुळे आधी नोंदणीची चौकशी करा आणि मगच गाडी काढा.